घरच्या सागरी टाकीतून प्रवाळ नाहीसे होत आहेत. कारण कसे शोधावे?

खारी_टाकी · १० मे, रात्री १०.४०

सर्वांना नमस्कार. मी नागपूरला प्रतापनगर भागात राहते आणि आमच्या बैठकीत गेल्या दीड वर्षापासून तीन फुटी सागरी टाकी आहे. खालचा संप (पाणी गाळून परत वर पाठवणारी छोटी टाकी) धरून एकूण पाणी सुमारे २०० लिटर भरते. दगड सगळे कृत्रिम आहेत, समुद्रातून काढलेला एकही नाही, आणि प्रवाळही मऊ अंगाचेच ठेवले आहेत : झोआ, मश्रूम, क्लोव्ह पॉलिप आणि झेनिया. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक कोरल ब्यूटी एंजल, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी, चार हर्मिट खेकडे आणि एक टक्सीडो अर्चिन (काटेरी चेंडूसारखा समुद्रजीव) एवढा परिवार आहे.

गेल्या २६ दिवसांत या टाकीतून प्रवाळांचे नऊ तुकडे नाहीसे झाले आहेत. ते मेले असे मी लिहीत नाही, कारण एकाचेही मेलेले अंग मला दिसलेले नाही. रात्री दिवे मालवताना जो तुकडा जागेवर असतो तो सकाळी नसतो, एवढेच मला खात्रीने सांगता येते. याशिवाय मधल्या दगडावर झोआची एक जुनी वसाहत आहे. मार्चमध्ये माझ्या मुलीने आणि मी तिचे ४२ पॉलिप (फुलासारखे दिसणारे एकेक जीव) मोजले होते, आज १७ भरले.

दर रविवारी संध्याकाळी, आरओचे पाणी भरून झाल्यावर, मी सगळ्या चाचण्या करते. आजचे आकडे असे : क्षारता (म्हणजे मिठाचे प्रमाण, हजारात) ३५, अल्कलिनिटी ८.४, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, तापमान २६.५ ते २८ अंश. मला तरी यात काही वावगे दिसत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी सगळे दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात घालण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे आत जे काही लपले असेल ते मरेल. येत्या रविवारी तसे करावे काय, हे विचारण्यासाठीच हा धागा काढत आहे. या टाकीतला एक एक तुकडा आम्ही नखाएवढा असल्यापासून वाढवलेला आहे, त्यामुळे रोज सकाळी टाकीसमोर जायचीच आता भीती वाटते.

प्रवाळमित्र · १० मे, रात्री ११.१५

ताई, कोरल ब्यूटी एंजल आधी काढा. हा मासा प्रवाळाला टोचे मारतो, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्याकडे पुण्याला याच माशाने महिनाभरात झोआची वाट लावली होती.

सातपुडा · ११ मे, सकाळी ६.०५

ताई, बाकी सगळे नंतर लिहितो, आधी एकच गोष्ट सांगतो. झोआ चिकटलेला दगड कृपा करून उकळू नका. झोआ आणि त्यांचे जवळचे भाऊबंद असलेले पॅलिथोआ यांच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते, आणि निसर्गात सापडणाऱ्या अत्यंत तीव्र विषांमध्ये त्याची गणना होते. १९७१ साली हवाई बेटांवरच्या पॅलिथोआमधून ते प्रथम वेगळे काढण्यात आले. असा दगड उकळल्याने किंवा त्यावर गरम पाणी ओतून घासल्याने उडणारे सूक्ष्म तुषार श्वासावाटे शरीरात गेले, तर घरातल्या सगळ्यांना एकदमच दवाखान्यात न्यावे लागू शकते. अशा घटना परदेशात एकदा नव्हे, अनेकदा घडलेल्या आहेत. झोआ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नये.

संध्याकाळी सविस्तर लिहितो.

रात्रपाळी · ११ मे, दुपारी १.३०

दिवे गेल्यावर दोन तासांनी पाहा. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागद दुहेरी बांधा. लाल उजेड बहुतेक खेकड्यांना आणि किड्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत.

सातपुडा · ११ मे, रात्री ९.२०

ताई, मी हा छंद चौदा वर्षे करतो आहे आणि त्यातली पहिली पाच वर्षे तुम्ही आज ज्या प्रश्नापाशी आहात त्याच प्रश्नापाशी अडखळलो, म्हणून जरा लांबण लावतो.

आपण "प्रवाळ गेले" असे म्हणतो तेव्हा निरनिराळ्या घटनांना एकच नाव देत असतो. नऊ तुकडे गेले म्हणजे नऊही एकाच कारणाने गेले असे आपण मनात धरून चालतो आणि मग सगळ्यांना लागू पडेल असा एकच गुन्हेगार शोधत बसतो. तसा गुन्हेगार सहसा सापडत नाही, कारण तो नसतोच. म्हणून कोण दोषी हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा आणि प्रत्येक तुकड्याबद्दल एवढेच लिहून काढा की तो कशासकट गेला आणि त्याच्या जागी काय उरले.

तुकडा खालच्या प्लगसकट, म्हणजे ज्या दांडीच्या छोट्या चकतीवर तो वाढवलेला असतो तिच्यासकट, गेला असेल तर त्याला कोणी तरी उचलले किंवा ढकलले आहे. प्लग कोणी खात नाही, आणि कुजल्याने तो विरघळतही नाही. प्लग जागेवर असून वरचे अंग गेले असेल, तर कडेला काय आहे ते भिंगाने पाहावे. फाटलेली कड, अर्धे तुटलेले पॉलिप, चिकट पांढरट साका, किंवा अगदी स्वच्छ दगड, यांतल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. साका उरला असेल तर ते अंग आधी मेले आणि मग विरघळले. दगड स्वच्छ असेल आणि गेलेला तुकडा मश्रूम असेल, तर तो आपल्या पायाने निघून गेलेला असण्याचा संभव फार मोठा आहे.

प्रवाळमित्र यांचे म्हणणे मी खोडून काढत नाही, कोरल ब्यूटी टोचे मारू शकतो हे खरेच आहे. पण तो दिवसा टोचतो, आपल्यासमोर टोचतो, आणि टोचलेले पॉलिप दिवसभर मिटून बसतात. दीड इंची प्लग तोंडात धरून रात्री पळवणे त्याच्याच्याने होणारे नाही. त्याला आज काढले आणि तुकडे जातच राहिले, तर पुढे तुम्ही दुसरा मासा काढाल, मग खेकडे काढाल, आणि शेवटी कोणत्या बदलाने काय झाले हे कळायला मार्ग उरणार नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला किमान आठ दिवस द्यावेत.

आणखी दोन गोष्टी विचारतो. एक, एप्रिलपासून आजपर्यंत टाकीत नवे काय आले, जिवंत असो की यंत्र, तारखेसह लिहा. दुसरी आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याची आहे. बैठकीतल्या कूलरच्या पाण्यात डासांचे औषध टाकता काय, किंवा खोलीत फवारा मारता काय?

खारी_टाकी · १३ मे, रात्री ९.५०

काका, आपल्या सूचनेप्रमाणे मी आणि मुलीने दोन दिवस बसून वहीत सगळे उतरवले. लिहिताना माझ्या लक्षात आले की मी यातले निम्मे कधी नीट पाहिलेच नव्हते.

प्लगसकट गेलेले पाच आहेत : झोआचे चार आणि क्लोव्ह पॉलिपचा एक. हे पाचही खालच्या कपारीत नुसते ठेवलेले होते, डिंकाने चिकटवलेले नव्हते. तीन मश्रूम थेट दगडावर वाढलेले होते. त्यांच्या जागी दगड स्वच्छ आहे, मात्र एका ठिकाणी भिंगातून मोहरीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका दिसतो. झेनिया गेला त्या सकाळी त्याच्या जागी राखाडी बुळबुळीत थर होता आणि त्यावर एक केसाळ ब्रिसल वर्म वळवळत होता, म्हणून त्यानेच झेनिया खाल्ला असे मी धरून चालले होते. जुन्या वसाहतीतले जे पॉलिप गेले ते एका बाजूने, ओळीने गेल्यासारखे दिसतात.

नवे काय आले, ते असे. ४ एप्रिलला झोआचे दोन प्लग एका विक्रेत्याकडून आणले. १४ एप्रिलला अर्चिन आला. उन्हाळ्यामुळे १५ एप्रिलपासून संपवर पंखा सुरू केला. जुना वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) बंद पडला, त्यामुळे २७ एप्रिलला त्याहून मोठा बसवला.

कूलरमध्ये आम्ही औषध टाकत नाही आणि बैठकीत फवाराही मारत नाही.

सातपुडा · १३ मे, रात्री १०.३५

फार उत्तम लिहिले आहे. कूलरचे विचारले ते अशासाठी की डासांच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे खेकडे आणि कोळंबी यांना अतिशय घातक असतात. तुमची क्लीनर कोळंबी धडधाकट आहे आणि वेळेवर कात टाकते आहे, म्हणजे तो संशय बाजूला ठेवता येईल.

ब्रिसल वर्मला एवढ्यात फाशी देऊ नका. तो मेलेले अंग साफ करणारा आहे. प्रेताजवळ तो सापडला याचा अर्थ त्याने जीव घेतला असा होत नाही. राखाडी थर उरला म्हणजे झेनिया आधीच विरघळत होता. तो का विरघळला, हा पाण्याचा प्रश्न आहे आणि त्यावर या धाग्यावर माझ्याहून जाणत्या व्यक्ती आहेत.

मश्रूमच्या जागेचा तो तपकिरी ठिपका मुळीच खरवडू नका.

रसायन_शिक्षिका · १४ मे, दुपारी ४.१०

मी मानेवाड्याला राहते आणि माझीही टाकी याच उन्हात आहे, म्हणून पाण्याबद्दल लिहिते. ताई, आपण चाचणी पाणी भरल्यानंतर करता, हे वाचून मी थांबले. आपण पाणी रोज भरता की एकाआड एक दिवस? पंखा सुरू केल्यापासून एका वेळी किती लिटर लागते?

खारी_टाकी · १४ मे, संध्याकाळी ७.००

एकाआड एक दिवस भरते. पूर्वी चार-पाच लिटर लागत असे, आता जवळपास १२ लिटर लागते.

रसायन_शिक्षिका · १४ मे, रात्री ८.२५

मग हिशेब मांडून पाहू. पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते. २०० लिटरमधून १२ लिटर उडाले की १८८ लिटर उरते, आणि ३५ क्षारतेचे मीठ तेवढ्याच पाण्यात राहिल्याने क्षारता ३५ गुणिले २०० भागिले १८८, म्हणजे ३७.२ होते. नंतर आपण १२ लिटर गोडे पाणी एकदम ओतता आणि ती तासाभरात पुन्हा ३५ वर येते. आपण नेमकी त्या क्षणी चाचणी करता, त्यामुळे वहीत कायम ३५ दिसते. प्रवाळांना मात्र हा चढउतार दर दोन दिवसांनी सोसावा लागतो. झोआ आणि मश्रूम बऱ्यापैकी निभावून नेतात. झेनिया मात्र असा जीव आहे की बरा असताना सगळी टाकी व्यापतो आणि बिनसले की एका रात्रीत विरघळतो.

पंखा बंद करा असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा चिलर नसलेल्या टाकीला पंख्याचाच आधार असतो. दुपारची हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडते आणि उडताना टाकीतली उष्णता घेऊन जाते. ज्या गुणाने आपला कूलर मेमध्ये खोली गार करतो तोच हा गुण आहे, आणि ज्या कारणाने तो कूलर जुलैमध्ये नुसती दमट हवा फेकतो त्याच कारणाने हा पंखाही पावसाळ्यात निरुपयोगी होतो. तेव्हा पंखा चालू ठेवावा आणि पाणी थोडे थोडे, शक्य तर आपोआप भरले जावे. संपमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह बसवून वर आरओच्या पाण्याचा कॅन ठेवला तरी काम होते. व्हॉल्व्ह अडकला तर सगळा कॅन टाकीत रिकामा होईल, म्हणून कॅन दहा लिटरहून मोठा घेऊ नये.

क्षारता मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावलेला असेल तर ३५ च्या प्रमाण द्रावणावर एकदा पडताळून घ्या.

उष्णतेने प्रवाळ गेले असते तर ते आधी पांढरे पडले असते, हेही नोंदवते. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि रंग हरवून बसतो. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच घडले. पांढरा पडलेला प्रवाळ बरेच दिवस जागेवरच दिसतो. आपण कुठेही पांढरेपणाचा उल्लेख केलेला नाही.

नवा_छंदी · १५ मे, सकाळी ११.००

ताई, एवढा त्रास होत असेल तर मऊ प्रवाळ सोडून कडक सांगाड्याचे ठेवा. ते दगडाला पक्के बसतात, कुठे जात नाहीत. समुद्राकाठचे लोक काढून पाठवतात असे ऐकले आहे.

नियमवाचक · १५ मे, दुपारी १२.४०

असे अजिबात करू नये आणि कोणाला सुचवूही नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी सांगाडा बनवणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे आणि जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा आठवण म्हणून पिशवीत घालून आणणेही यातून सुटत नाही. धागाकर्त्या ताईंनी कृत्रिम दगड आणि मऊ प्रवाळ घेतले, हे मला मनापासून आवडले. मऊ प्रवाळही टाकीत वाढवलेलेच घ्यावेत आणि विक्रेत्याला तसे स्पष्ट विचारावे.

नवा_छंदी · १५ मे, दुपारी १.०५

मला हे माहीत नव्हते. सांगितल्याबद्दल आभारी आहे.

खारी_टाकी · १८ मे, पहाटे ५.४५

झोप आलेली नाही, आणि लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

शनिवार आणि रविवार अशा दोन्ही रात्री रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्चला लाल कागद बांधून दहा ते एक बसले. हर्मिट खेकडे हिंडताना दिसले, ब्रिसल वर्म तीन दिसले, पण प्रवाळाला कोणी हात लावला नाही. तळाशी झिंग्याचा तुकडा घालून बाटलीचा सापळा ठेवला होता, त्यातही खेकडेच सापडले. मी निराश होऊन झोपायला गेले.

आज पहाटे साडेचारला सासूबाई देवपूजेसाठी उठल्या आणि मला हलवून म्हणाल्या, "त्या काटेवाल्यानं पुन्हा डोक्यावर हिरवं घेतलंय, बघ." मी "पुन्हा" हा शब्द ऐकून ताडकन उठले. त्यांनी हे आधीही दोनदा पाहिले होते, पण तो त्याचा स्वभावच असेल असे समजून कोणाला सांगितले नव्हते, आणि मीही या एवढ्या दिवसांत त्यांना कधी विचारले नव्हते. पहाटे साडेचारपासून टाकीसमोर असणारे घरात एकच माणूस आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

काचेला नाक लावून पाहिले. अर्चिन मागच्या काचेवरून हळूहळू वर चढत होता. त्याच्या काट्यांच्या मधल्या निळ्या पट्ट्यांवर एक शिंपला, दोन खडे आणि झोआचा एक प्लग होता. झोआ मिटलेले होते, पण जिवंत होते. अर्चिनच्या अंगातून निघालेले केसासारखे बारीक पाय प्लगच्या दांडीला दोन्ही बाजूंनी चिकटले होते, आणि तो सरकला की ते पाय पकड बदलत होते, जसे डोक्यावरचा हंडा कोणी एका हाताने सावरावा. पाच मिनिटांनी तो मागच्या मोठ्या दगडाच्या फटीत शिरला, आणि बाहेर आला तेव्हा प्लग नव्हता.

सातपुडा · १८ मे, सकाळी ७.१०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. टक्सीडो अर्चिनला अंगावर शिंपले-खडे पांघरण्याची सवय असते. उजेडापासून आणि शत्रूपासून आडोसा म्हणून तो हे करतो असे मानले जाते. सुटा प्लग त्याच्या दृष्टीने एक शिंपलाच. तो प्रवाळ खात नाही, अंधाऱ्या फटीत टाकून देतो, आणि तिथे उजेडाविना प्रवाळ झुरतो. त्याला काढायचे कारण नाही. तुकडे फटीतून काढा आणि जेल स्वरूपातल्या सुपर ग्लूने दगडाला पक्के चिकटवा. टाकीत दोन-चार रिकामे शिंपले टाका, तो तेच पांघरेल.

खारी_टाकी · २० मे, रात्री १०.१५

लांब चिमट्याने मागच्या फटीतून चार प्लग निघाले, चारही झोआचे. एक जवळजवळ संपला आहे, तीन उघडू लागले आहेत. सगळे चिकटवले. क्लोव्ह पॉलिपचा प्लग मात्र मिळाला नाही.

मश्रूमबद्दल काकांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. एक ओव्हरफ्लोच्या (टाकीतले पाणी जिथून खाली संपमध्ये उतरते त्या जागेच्या) जाळीला चिकटून बसला होता आणि दुसरा दगडाखाली उलटा पडला होता. २७ तारखेला बसवलेल्या वेव्हमेकरचा झोत थेट त्या तिघांवर येत होता. इतके दिवस मी तो झोत पाहत होते आणि तो मला दिसत नव्हता. आता वेव्हमेकरचे तोंड काचेकडे वळवले आहे.

रात्रपाळी · २० मे, रात्री ११.००

सुटलेला मश्रूम डिंकाने चिकटवू नका, तो चिकटत नाही. छोट्या वाटीत खडे घालून त्यावर ठेवा, वरून जाळी बांधा आणि प्रवाह कमी असेल तिथे आठ दिवस राहू द्या. तो आपण होऊन खड्याला धरतो, मग खडा चिकटवा.

प्रवाळमित्र · २१ मे, सकाळी ९.३०

मी एंजलविषयी घाई केली हे मान्य करतो. पण जुन्या वसाहतीचे कारण अजून लागलेले नाही. तिथले पॉलिप अर्चिनने उचलले नाहीत आणि झोतानेही उडाले नाहीत, कारण झोआ असे सुटत नाही.

सातपुडा · २१ मे, रात्री ९.००

प्रवाळमित्र यांनी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. ओळीने, एका बाजूने पॉलिप जाणे हे खाणाऱ्याचे लक्षण आहे. ४ एप्रिलला आलेले नवे प्लग वसाहतीच्या जवळ होते काय? असतील तर ताई, ती वसाहत दिवसा, पॉलिप पूर्ण उघडे असताना, भिंगाने पाहा. सगळे उघडलेले असताना जे मिटलेले दिसेल त्याच्याकडे लक्ष द्या. झोआ खाणारी न्यूडिब्रँक गोगलगाय ज्या झोआला खाते त्याचाच रंग धारण करते, आणि सनडायल गोगलगाय वरून पाहता मिटलेल्या पॉलिपसारखीच दिसते. हातमोजे विसरू नका.

खारी_टाकी · २४ मे, दुपारी २.२०

ते नवे प्लग वसाहतीला लागूनच ठेवले होते.

आज रविवार असल्याने बारा वाजता, सगळे पॉलिप फुललेले असताना, मुलीने आणि मी आळीपाळीने भिंगातून पाहिले. ती म्हणाली, "आई, हा एक उघडतच नाही." मी तोवर त्याच्यावरून तीनदा नजर फिरवली होती. पॉलिपांच्या मधोमध करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढे गोल, चपटे काहीतरी होते. त्यावर तपकिरी आणि पांढऱ्या चौकडीची नक्षी होती, सोंगट्यांच्या पटासारखी, आणि ती मध्यापासून बाहेर वळत गेलेली होती. चिमट्याने धरले तेव्हा ते सहज सुटले. उलटे केल्यावर कळले की तो शंख आहे आणि त्याचे तोंड निमुळत्या झाकणाने घट्ट बंद आहे. दुसरा दगडाच्या कडेखाली होता, त्याहून लहान. ज्या पॉलिपांना टेकून ते बसले होते ते आकसलेले होते.

सातपुडा · २४ मे, दुपारी ३.००

हीच सनडायल. ती आपली लांब सोंड पॉलिपमध्ये घालून त्याचे अंग खाते. औषधी पाण्यात बुडवून उपयोग होत नाही, कारण ते झाकण लावून ती निवांत बसून राहते. हाताने वेचणे हाच उपाय. अंडी असू शकतात, म्हणून पुढचे सहा आठवडे दर रविवारी याच वेळी पाहत जा. यापुढे नवा तुकडा आणला की चार-सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा, आणि जमेल तर जुना प्लग तोडून नव्यावर लावा, कारण अंडी बहुधा प्लगवरच येतात.

रसायन_शिक्षिका · २५ मे, सकाळी १०.००

फ्लोट व्हॉल्व्ह बसवला काय?

खारी_टाकी · २५ मे, रात्री ८.४०

होय, गुरुवारी बसवला, कॅन दहा लिटरचा आहे. आता सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा क्षारता मोजते. चार दिवसांत ३४.८ ते ३५.३ च्या बाहेर गेलेली नाही. रिफ्रॅक्टोमीटर प्रमाण द्रावणावर एकाने जास्त दाखवत होता, तोही नीट करून घेतला.

खारी_टाकी · २१ जून, रात्री ९.३०

बरेच जण वैयक्तिक निरोप पाठवून पुढे काय झाले ते विचारत आहेत, म्हणून लिहिते.

२० मेनंतर एकही तुकडा नाहीसा झालेला नाही. वसाहतीत आज २३ पॉलिप भरले. आणखी एक सनडायल ७ जूनला सापडली, त्यानंतर नाही. दोन्ही मश्रूम खड्यांना धरून बसले आहेत. तिसरा कधीच मिळाला नाही, पण त्याच्या जागचा तो तपकिरी ठिपका आता वाटाण्याएवढा झाला आहे आणि त्याच्या मध्यावर तोंड स्पष्ट दिसते. मागे राहिलेल्या पायाच्या तुकड्यातून पूर्ण मश्रूम उगवतो, हे वाचलेले होते. डोळ्यांनी पाहताना मुलीला शाळेला उशीर झाला, तरी मी तिला टाकीसमोरून उठवले नाही. अर्चिन सासूबाईंनी दिलेले शिंपले पांघरून फिरतो. गेल्या आठवड्यात पाऊस सुरू झाल्यापासून पंख्याने पाणी पूर्वीसारखे गार होत नाही आणि रोजचे पाणीही दोन लिटरवर आले आहे. झेनिया पुन्हा आणायचा विचार तूर्त नाही.

क्लोव्ह पॉलिपचा प्लग तेवढा राहिला. तो मागच्या मोठ्या दगडाखाली असावा असा अंदाज आहे आणि आज तो दगड उचलणार होते. पण शुक्रवारी क्लाउनफिशच्या जोडीने त्याच दगडाच्या पाठीवर अंडी घातली आहेत. नर दिवसभर पंखांनी वारा घालतो आणि माझा हात पाण्यात गेला की बोटाला येऊन धडकतो. अंडी अजून नारिंगी आहेत, डोळे दिसू लागलेले नाहीत. ती फुटायला सात-आठ दिवस लागतात असे वाचले आहे, म्हणजे दगड पुढच्या रविवारपर्यंत तरी हलवता येणार नाही.

सातपुडा · २१ जून, रात्री ९.४५

हलवू नका. डोळे चंदेरी दिसू लागले की मला कळवा. पिल्ले दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत फुटतात, त्या रात्री वेव्हमेकर आणि स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारे यंत्र) दोन्ही बंद ठेवावे लागतील.